वाहिनीचा मोबाइलवरील प्रवास : ‘झी ५’ आणि बारामती-इंदापूरचा प्रेक्षक

बारामती/इंदापूर : संध्याकाळी सात ते रात्री दहा ही मराठी मालिकांची हक्काची वेळ. मात्र, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतील शेतकऱ्याला ती पाळणे कधीच सोपे नव्हते. शेतीपंपांचा वीजपुरवठा आलटून-पालटून दिवसा आणि रात्री होतो. रात्रीच्या पाळीचा आठवडा आला, की उसाला पाणी देण्यासाठी घरातील कोणाला तरी बांधावर जावे लागते. त्या दिवशीचा भाग चुकला, तर दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाची वाट पाहायची, नाहीतर शेजारणीकडून कथा ऐकायची, एवढेच पर्याय होते. आता तोच भाग बांधावर बसूनही पाहता येतो. वाहिन्यांनी सुरू केलेल्या इंटरनेटवरील चित्रफीत सेवांमुळे हा बदल घडला. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय उदाहरण म्हणजे झी समूहाची ‘झी ५’ ही सेवा.

झी एंटरटेन्मेंट एंटरप्रायझेस या कंपनीने १४ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘झी ५’ सुरू केली. मराठी, हिंदी आणि इंग्रजीसह बारा भाषांतील कार्यक्रम, समूहाच्या वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण, जुन्या मालिकांचा साठा, चित्रपट आणि केवळ या सेवेसाठी तयार केलेल्या मालिका असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती १९० हून अधिक देशांत उपलब्ध करण्यात आली. अमेरिकेतील प्रेक्षकाला मात्र जून २०२१ पर्यंत थांबावे लागले.

या क्षेत्रातील समूहाचा हा पहिला प्रयत्न नव्हता. २०१२ मध्ये ‘डिट्टो टीव्ही’ आली. ती वाहिन्या मोबाइलवर थेट दाखवत असे आणि त्यासाठी पैसे आकारत असे. २०१६ मध्ये महिना २० रुपये असा दर ठेवून तिची नव्याने जाहिरात करण्यात आली. त्याच वर्षी समूहाने ‘ओझी’ ही दुसरी सेवा सुरू केली. तिच्यावर समूहाच्याच मालिका जाहिरातींसह मोफत पाहता येत. एक सेवा विकत, दुसरी फुकट. एकीवर थेट वाहिनी, दुसरीवर झालेले भाग. एकाच घराने दोन दुकाने थाटल्यासारखा हा प्रकार होता. ‘झी ५’ आल्यावर दोन्ही दुकाने बंद झाली. दरम्यान, प्रतिस्पर्धी स्वस्थ बसले नव्हते. सोनीची ‘सोनी लिव्ह’ २०१३ मध्ये, स्टारची ‘हॉटस्टार’ फेब्रुवारी २०१५ मध्ये क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर आणि व्हायाकॉम १८ ची ‘वूट’ २०१६ मध्ये सुरू झाली होती. थोडक्यात, ‘झी ५’ उशिराच आली.

तरीही मराठी भागात तिला जमीन तयार मिळाली. त्याचे कारण वाहिनीच्या इतिहासात आहे. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ या नावाने सुरू झालेली वाहिनी २००५ मध्ये ‘झी मराठी’ झाली. तो काळ ग्रामीण महाराष्ट्रातील कडक भारनियमनाचा. ऐन मालिकेच्या वेळी वीज जाणे हा तेव्हा नित्याचा अनुभव होता आणि त्यावर इन्व्हर्टरखेरीज उपाय नव्हता. पुढे विजेची स्थिती सुधारली, तर केबलचे डिजिटलीकरण आले. पुणे शहरात ते दुसऱ्या टप्प्यात, २०१३ मध्ये झाले. बारामती आणि इंदापूर ही नगरपरिषदांची गावे तिसऱ्या टप्प्यात होती, तर भोवतालची खेडी चौथ्या. या शेवटच्या टप्प्याची मुदत वाढत वाढत मार्च २०१७ पर्यंत गेली. म्हणजे खेड्यातल्या घरात सेट टॉप बॉक्स बसला, त्याच सुमारास हाती स्वस्त इंटरनेटही आले होते.

जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत तिचा डेटा मोफत होता. त्यापूर्वी एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरणारा ग्राहक रोज एक जीबीची योजना घेऊ लागला. अर्ध्या तासाच्या मालिकेतून जाहिराती वगळल्या, तर वीस-बावीस मिनिटे उरतात. साध्या दर्जात एवढी चित्रफीत पाहिल्यास रोजच्या डेटाचा लहानसा भागच खर्ची पडतो. हे गणित जुळले नसते, तर कोणत्याही वाहिनीची अशी सेवा शहराच्या वेशीबाहेर पडली नसती.

सेवा सुरू झाली, तेव्हा ‘झी मराठी’चा जोर होता. ‘माझ्या नवऱ्याची बायको’, ‘तुझ्यात जीव रंगला’ आणि ‘लागिरं झालं जी’ या मालिका तेव्हा सुरू होत्या. यांतील दुसरी कोल्हापूरकडची, तिसरी साताऱ्याकडची. नीरा नदी ओलांडली की बारामतीचा माणूस फलटण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात पोचतो. त्यामुळे ‘लागिरं झालं जी’मधील बोली, सैन्यभरतीची धडपड आणि गावचा पार येथील प्रेक्षकाला परका नव्हता. नवी सेवा घेताना प्रेक्षकाने प्रथम शोधली ती रोजचीच मालिका. खास सेवेसाठी काढलेल्या कलाकृतींकडे तो नंतर वळला, आणि तेही सावकाश.

वाहिनीचे प्रक्षेपण सर्वांकडे एकाच वेळी पोचते. येथे मात्र प्रत्येक प्रेक्षकाला त्याने मागितलेली चित्रफीत स्वतंत्रपणे पाठवली जाते. तिचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो. मोबाइलला मिळणारा वेग कमी झाला, की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा येतो. चित्र पुसट होते, पण थांबत नाही. उसाच्या फडाजवळ मोबाइलवर मालिका पाहताना चेहरे मधूनच धूसर होतात, त्याचे कारण हेच. शिवाय लोकप्रिय भागांच्या प्रती देशभरातील अनेक सर्व्हरवर ठेवल्या जातात. त्यामुळे रात्री साडेआठला हजारोंनी एकच भाग मागितला, तरी भार एका जागी पडत नाही.

याच काळात केबलचे बिलही बदलले. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना लागू झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर, त्यावर निवडलेल्या प्रत्येक सशुल्क वाहिनीचे वेगळे पैसे. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले खरे. पण वाहिन्यांची यादी घेऊन बसण्याची सवय कोणालाच नव्हती. दोन-तीन समूहांच्या वाहिन्या हव्या असलेल्या अनेक घरांचे बिल कमी होण्याऐवजी वाढले. ज्या घरात मुलांच्या हाती मोबाइल होता, तेथे एखादी वाहिनी यादीतून गळली आणि तिची मालिका मोबाइलवर पाहिली जाऊ लागली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले आणि वाहिन्यांवर जुने भाग दिसू लागले. मालिका पुन्हा सुरू होत असताना, जुलै २०२० मध्ये समूहाने ‘झी ५ क्लब’ ही वर्षाला ३६५ रुपयांची योजना आणली. तिचे मुख्य आकर्षण म्हणजे मालिकेचा भाग वाहिनीवर दिसण्यापूर्वीच पाहण्याची मुभा. उद्या काय होणार, या उत्सुकतेवरच मालिका चालते. तीच उत्सुकता दिवसाला एक रुपया या दराने विकण्याची ही कल्पना होती. २०२१ च्या निर्बंधांत मराठी मालिकांची युनिटे गोव्यात गेली आणि मे महिन्यात तेथील परवानगी रद्द होताच पुन्हा इतरत्र हलली. पडद्यावरचे घर अचानक बदललेले प्रेक्षकाने पाहिले, पण मालिका सोडली नाही.

सेवेची वाढ मात्र सरळ रेषेत झाली नाही. या वर्षांत मराठीतील अग्रस्थान ‘झी मराठी’कडून ‘स्टार प्रवाह’कडे गेले. ‘आई कुठे काय करते’ची चाहती मोबाइलवरही साहजिकच ‘हॉटस्टार’कडे वळली. ‘झी ५’वर सेवेसाठी खास तयार केलेल्या मराठी मालिकांची संख्या हिंदीच्या तुलनेत नेहमीच तोकडी राहिली. भाऊ कदम यांची ‘लिफ्टमन’ २०१८ मध्ये आणि महेश मांजरेकर यांची भूमिका असलेली ‘काळे धंदे’ २०१९ मध्ये आली. पण त्यामागून ओघ सुरू झाला नाही. मराठी प्रेक्षकाने वर्गणी भरावी ती वाहिनीच्याच मालिकेसाठी, नवे काही पाहायचे तर हिंदीत पाहावे, अशी ही वाटणी झाली आणि ती मराठीवर अन्याय करणारी होती. भयकथेवर आधारित ‘अंधारमाया’ ही मराठी मालिका २०२५ मध्ये आली, तीही सेवा सुरू होऊन सात वर्षे उलटल्यावर.

आर्थिक बाजूही नाजूक राहिली. २०२२-२३ या वर्षात सेवेचा तोटा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला. सोनीशी विलीनीकरणाचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला होता. तो फळाला येता, तर ‘झी ५’ आणि ‘सोनी लिव्ह’ एकाच मालकीच्या झाल्या असत्या. २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने तो करार मोडला. उलट, रिलायन्स आणि डिस्ने यांचा व्यवहार नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे ‘झी ५’च्या सातव्या वाढदिवशीच, ‘जिओ हॉटस्टार’ सुरू झाली. ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ या दोन्ही वाहिन्यांच्या मालिका त्यामुळे एका छताखाली आल्या.

बारामती-इंदापुरात या स्पर्धेचा अर्थ घरागणिक वेगळा आहे. सोमेश्वर, माळेगाव किंवा सणसरच्या छत्रपती कारखान्याच्या परिसरात गळीत हंगामात कोप्या टाकून राहणाऱ्या ऊसतोड मजुराकडे दूरचित्रवाणी संच नसतो. त्याच्यापुरता मोबाइल हाच संच आणि मोफत मिळेल तोच कार्यक्रम. बारामतीच्या वसतिगृहांतील विद्यार्थी एक वर्गणी चौघांत वाटून घेतो. आजी मात्र अजूनही साडेसातला संचासमोरच बसते. तिला मागे-पुढे करता येणारी मालिका नको असते, कारण त्या वेळी शेजारीणही येऊन बसलेली असते.