खारबांध : बांधले कोणी, राखायचे कोणी?

वसई तालुक्यातील चांदीप हे तानसा नदीच्या खोऱ्यातले गाव. नदीच्या वरच्या अंगाला तानसा धरण आहे. ते १८९२ मध्ये पुरे झाले आणि त्याचे पाणी मुंबईला जाते. खालच्या अंगाला नदी वैतरणेच्या खाडीला मिळते. धरण कोणाचे, असे विचारले तर उत्तर चटकन मिळते : मुंबई महानगरपालिकेचे. पण कोकणातल्या खाड्यांच्या काठी जे मातीचे बांध दिसतात, ते कोणाचे? या प्रश्नाला प्रत्येक जण वेगळे उत्तर देतो. बांधांच्या आजच्या अवस्थेचे कारण या गोंधळात आहे, असे आम्हाला वाटते.

आधी खारबांधाचे काम समजावून घेऊ. भरतीचे खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने चिकणमातीचा बांध घालतात. त्यात जागोजागी दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. भरतीच्या पाण्याचा दाब बाहेरून आला की झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडते. म्हणजे हा बांध समुद्र अडवतो आणि पुराला वाटही देतो. मात्र खेकडे त्यात बिळे करतात, लाटा माती नेतात, झडपा गाळाने अडकतात. लहान बीळ वेळीच बुजवले नाही, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तिथेच खांड पडते.

ही डागडुजी पूर्वी कोण करत असे? जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात दोन व्यवस्था होत्या. काही जमिनींवर शिलोत्रीदार असे. बाहेरचा मोठा बांध राखण्यासाठी तो कुळांकडून दर बिघ्यामागे ठराविक भात घेई. दुसरी व्यवस्था जोळाची. एका बांधाच्या आतले शेतकरी एकत्र येत, घरटी माणूस देत आणि खांड पडली की मिळून बुजवत. ज्याचे भात बुडणार त्याचेच हात बांधाला लागत.

पण या जुन्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. शेतात राबणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क नव्हता. खंडाच्या ओझ्याला कंटाळून अलिबागजवळच्या चरी परिसरातील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. या काळात जमिनी पडीक राहिल्या. पुढे १९४८ चा कुळकायदा आला आणि कसणारे मालक झाले. हा न्याय होता. त्याच वर्षी खारजमिनींसाठीही कायदा झाला. १९७९ मध्ये त्याची जागा नव्या खारभूमी विकास कायद्याने घेतली आणि बांधांचे काम सरकारी यंत्रणेकडे गेले.

जमीन शेतकऱ्याची झाली आणि बांध सरकारचा झाला. बीळ दिसले तर पूर्वी फावडे उचलले जाई, आता अर्ज लिहिला जातो. याला लोकांचा आळस म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. निधी, अधिकार आणि आराखडा ज्यांच्या हाती नाही, त्यांनी जबाबदारी तरी कशी घ्यावी? दुसऱ्या बाजूला सरकारी खात्यालाही नवे काम दाखवता येते, टळलेले संकट दाखवता येत नाही. शाबूत राहिलेल्या बांधाचे उद्घाटन कोणी करत नाही.

उशिराची किंमत मात्र शेतकरी मोजतो. खांडीतून खारे पाणी शिरले की जमिनीत मीठ साचते आणि पुढची पिकेही जातात. ती जमीन बरीच वर्षे पडून राहिली तर तिच्यात तिवरे रुजतात. तिवरे किनाऱ्याचे रक्षण करतात, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून त्यांच्या तोडीला मनाई केली. ती योग्यच आहे. पण वेळीच न बुजवलेल्या खांडीमुळे भाताचे शेत अशा रीतीने कायमचे हातचे जाऊ शकते.

नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून बांध राखणारी स्थानिक जलमंडळे आहेत. ती स्वतंत्र कर घेतात आणि त्यांच्या निवडणुका होतात. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले बांध कमकुवत राहिले. अभियंत्यांनी इशारे दिले होते. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळी भरतीने बांध फुटले आणि १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर मोठी संरक्षक कामे उभी राहिली, पण जलमंडळे मोडली नाहीत. पैसा आणि तंत्रज्ञान देशाचे, रोजची नजर स्थानिकांची, अशी ही वाटणी आहे.

आपल्याकडेही अशी वाटणी करता येईल. शिक्षकांनी वर्गाकडून एक छोटी पाहणी करून घ्यावी. गावातला बांध, बंधारा किंवा नाल्याची भिंत निवडावी आणि वडीलधाऱ्यांना तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी बांधले, शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि पैसा कोणी दिला? पाहणी पावसाळ्याआधी, ओहोटीच्या वेळी आणि मोठ्यांच्या सोबतीने करावी. मुलांची उत्तरे ग्रामसभेपुढे किंवा नगरसेवकापुढे ठेवता येतील. बीळ मुठीएवढे असते तेव्हा टोपलीभर माती पुरते.