बोस्टनची शिल्पविद्याशाळा
मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या खाजगी संस्थेस १० एप्रिल १८६१ रोजी सनद मिळाली आणि दोनच दिवसांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. वर्ग भरावयास १८६५ साल उजाडले, तेही बोस्टनमधील भाड्याच्या जागेत. संस्थापक विल्यम रॉजर्स हे भूगर्भशास्त्रज्ञ. विद्यार्थ्याने प्रयोग नुसता पाहावयाचा नाही, स्वहस्ते करावयाचा, हा त्यांचा आग्रह. आमच्या शाळांतून तो अद्यापि दुर्मिळच! १८८२ च्या पदवीदान समारंभात भाषण करता करताच ते कोसळले व गतप्राण झाले. त्याच वर्षी पुण्याचे केशव भट तेथे शिकावयास गेले. पुढे १९१६ साली संस्था नदीपलीकडे केंब्रिजला गेली. त्या वास्तूंसाठी कोणी ‘मिस्टर स्मिथ’ लक्षावधी डॉलर देत होता. कोडॅकचा जॉर्ज ईस्टमन तो हाच, हे १९२० साली उघड झाले.