तेरच्या सातवाहनकालीन नाण्यांवरील आघातचिन्हे

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हेच पेरिप्लस ग्रंथातील तगर होय, असे प्रतिपादन जे. एफ्. फ्लीट यांनी १९०१ मध्ये केले व ते पुढे सर्वमान्य झाले. येथील पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनांची नाणी मिळत आली आहेत. ती मुख्यतः शिशाची व पोटीनची असून त्यांतील बरीचशी विद्रूप अवस्थेत असतात. लेख बुजलेला किंवा आकृती चेपलेली दिसली, की ती शत्रूने हेतुतः पुसली असे अनुमान करण्याकडे अभ्यासकाचा कल होतो. या समजुतीचे मूळ बहुतांशी जोगळटेंभीच्या निधीत आहे.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटविले होते : एका अंगास पर्वतचिन्ह व स्वतःचे नाव, दुसऱ्या अंगास उज्जैन चिन्ह. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील नाशिकच्या शिलालेखात गौतमी बलश्री आपल्या पुत्रास क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा म्हणून गौरविते. निधी आणि शिलालेख यांचा मेळ इतका चांगला बसतो, की ठशाच्या प्रत्येक घावात सूड दिसू लागतो. नाणी मात्र वेगळी साक्ष देतात. नवा ठसा नेमका मुखावर पडावा अशी दक्षता घेतलेली नाही. नहपानाचे नाक, केस अथवा जुनी अक्षरे कित्येक नाण्यांवर खालून डोकावतात. मुख नष्ट करणे हाच उद्देश असता तर ते असे अर्धवट राहू दिले नसते. शिवाय ठसा न मारलेली हजारो नाणी त्याच निधीत होती. चांदी वितळवून नव्याने नाणी पाडण्याचा खटाटोप टाळून जुने चलन आपल्या नावाने चालविणे, हा हेतू अधिक संभवनीय वाटतो.

याच्या उलट उदाहरण दक्षिणेतील आहे. पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. घावाची जागा इतक्या नियमाने ठरलेली असता तो अपघाती मानता येत नाही. त्यामागील कारणाविषयी मतभेद आहेत; हेतुपुरस्सरतेविषयी नाहीत. तेव्हा प्रथम पाहावयाचे ते घावाचे स्थान आणि त्याची पुनरावृत्ती.

तेरच्या शिशाच्या नाण्यांना ही कसोटी लावताना धातूचा स्वभाव विसरून चालत नाही. शिसे नखानेही ओरखडते. ते सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घर जळाले तरी त्यातील नाण्याच्या कडा गोलावून लेख पुसला जाऊ शकतो; त्यास कोणा राजाची आज्ञा लागत नाही. घाव प्राचीन की अर्वाचीन हे त्याच्या तळावरून कळते. खाचेच्या तळाशीही पृष्ठभागावरचाच क्षार एकसारखा चढला असेल तर ती नाणे जमिनीत जाण्यापूर्वीची. आत उजळ धातू दिसत असेल तर ती बहुधा कुदळीची किंवा नांगराची. छिद्राची वरची कड दोऱ्याने झिजलेली असल्यास ते नाणे दीर्घकाळ गळ्यात होते, असे समजावे.

येथे एक अडचण आहे. १९५८ मध्ये चापेकर यांनी केलेल्या उत्खननातील वस्तूंना स्तराचा आधार आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी मोठ्या निष्ठेने जमविलेला आणि पुढे तेरच्या शासकीय संग्रहालयाचा पाया ठरलेला संग्रह मात्र मुख्यतः गावात व टेकाडांवर सापडलेल्या वस्तूंचा आहे. अशा नाण्यांच्या बाबतीत आघाताचा क्रम ठरविण्यास अंगावरील क्षाराच्या थराखेरीज फारसे साधन उरत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंचेने घासून लखलखीत केलेल्या पोटीनच्या नाण्यावर तेही साधन राहत नाही. शिशाचे नाणे न घासताही बिघडते : लाकडी खणात ठेवल्यास लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यावर पांढरी भुकटी धरते, आणि उत्खननात वाचता आलेला लेख काही वर्षांनी कपाटात नाहीसा होतो.