संरोध मेळ, अँटेनाचा

अँटेना, तिला जोडलेली केबल व रेडिओ ग्राही यांचे विद्युत् संरोध परस्परांशी जुळवून घेण्याची क्रिया. प्रत्यावर्ती प्रवाहाला मंडलाकडून होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात. तो रोध, प्रवर्तकता व धारिता यांवर अवलंबून असून ओहममध्ये मोजतात. ही संज्ञा ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली. केबलीलाही स्वतःचा संरोध असतो. तो तिच्या लांबीवर नव्हे, तर संवाहकांची जाडी, त्यांमधील अंतर व निरोधक पदार्थ यांवर ठरतो. भिन्न संरोध जेथे जोडले जातात तेथे तरंगाचा काही भाग परावर्तित होतो. ३०० ओहम व ७५ ओहम यांच्या सरळ जोडणीत ३६ टक्के शक्ती मागे फिरते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला मोठ्या प्रमाणावर तोंड द्यावे लागले ते १९२७ मध्ये. त्या वर्षी भारत व इंग्लंड यांच्यात लघुतरंगांची शलाका-पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे, तर ग्रहण केंद्र दौंड येथे होते. मार्कोनी कंपनीचे सी. एस. फ्रँकलिन यांनी या पद्धतीसाठी उंच मनोऱ्यांवरून टांगलेल्या अनेक तारांची अँटेना व एकात एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्यांचा समाक्ष वाहक योजला होता. वाहकाला दोन समान फाटे फुटले की जोडावरील संरोध निम्मा होतो. तो दुरुस्त न केल्यास तारांमधील प्रवाहांचे प्रमाण व कला बिघडून अँटेनाची दिशिकता कमी होते. लघुतरंगांत संदेशाबरोबर वातावरणातील गोंगाटही अँटेनातूनच येतो आणि जोडातील हानी दोहोंना सारखीच बाधते. त्यामुळे ग्रहण केंद्रात मेळाचे महत्त्व शक्ती वाचविण्यापेक्षा दिशिकता टिकविण्यात अधिक होते.

रेडिओ ज्योतिषशास्त्रात परावर्तनाचाच उपयोग करून घेण्यात आला. गोविंद स्वरूप यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात के. एस. यांग यांच्यासमवेत १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत अँटेनाच्या टोकाशी तरंगाचे मुद्दाम परावर्तन घडवून त्यावर ओळखीची खूण उमटविली जाते. परत आलेल्या तरंगाच्या कलेवरून केबलीची विद्युतीय लांबी नियंत्रण कक्षातच मोजता येते. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे १·८ मी. व्यासाच्या ३२ अन्वस्तीय अँटेनांची दुर्बीण उभारली. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथून मिळालेल्या या अँटेनांनी ६१० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर सूर्याचे निरीक्षण करण्यात आले.

मुंबई दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर हा प्रश्न घरांच्या छपरांवर येऊन पोहोचला. रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील राजपुरी खाडीच्या उत्तर काठावरील आगरदांडा हे गाव मुंबईपासून हवाई अंतराने सु. ८० किमी. दूर आहे. एवढ्या अंतरावर पृथ्वीच्या वक्रतेमुळे तरंग क्षीण होऊन पोहोचत. अशा ठिकाणी उंच खांबावर अनेक दांड्यांची यागी अँटेना व लांब केबल आवश्यक असे. यागी अँटेनेतील दुमडलेल्या दांडीचा संरोध बहुधा ३०० ओहम असे. चपटी दुतारी केबल तिला सरळ जोडता येई. ७५ ओहमच्या समाक्ष केबलीसाठी मात्र मध्ये लहान रोहित्र लागे. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत दुतारी केबलीवर ओल व मिठाचा थर जमला की तिचा संरोध बदले आणि हानी वाढे. समाक्ष केबलीचे क्षेत्र बाह्य संवाहकाच्या आतच राहत असल्याने हा दोष तीत कमी असे. परंतु टोकाच्या जोडात पाणी शिरल्यास तीही निरुपयोगी ठरे. केबलीच्या दोन्ही टोकांना मेळ नसल्यास पडद्यावरील चित्राच्या कडा धूसर होत किंवा शेजारी फिकट दुसरे चित्र दिसे. ग्राहीपाशी विवर्धक बसवूनही वाटेत झालेली हानी भरून येत नसे, कारण त्याबरोबर गोंगाटही वाढे. म्हणून विवर्धक खांबावरच बसविणे श्रेयस्कर ठरले.

हेच तत्त्व पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे १९९० च्या दशकात उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत आढळते. तिच्या ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेना सु. २५ किमी. परिसरात पसरल्या असून प्रत्येकीचा अल्पगोंगाट विवर्धक नाभीपाशी असतो. विवर्धित संदेश प्रकाशीय तंतूंद्वारे केंद्रात जातो. विवर्धकाचा गोंगाट ज्या संरोधाला किमान होतो तो संरोध आणि कमाल शक्ती देणारा संरोध हे सामान्यतः भिन्न असतात. दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण तरंग टिपण्यासाठी पहिल्याला प्राधान्य द्यावे लागते. सुधारित दुर्बिणीत २५० ते ५०० मेगॅहर्ट्‌झसारखे विस्तृत पट्टे एकाच वेळी वापरले जातात. इतक्या रुंद पट्ट्यात सर्वत्र परिपूर्ण मेळ साधत नाही, असे रॉबर्ट फॅनो यांनी १९५० मध्ये गणिताने दाखविले होते. त्यामुळे संपूर्ण पट्ट्यात स्वीकारार्ह असा मध्यम मेळ साधणे हेच अभिकल्पाचे उद्दिष्ट असते.