संकोच आणि प्रतिध्वनि

स्त्रियांच्या व्याधींचा इतिहास हा पुष्कळ अंशीं संकोचाचा इतिहास आहे. १८६५ सालीं कल्याण येथें जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांस याची पूर्ण जाणीव होती. परदेशीं जाण्यापूर्वीं, १८८३ मध्यें, बंगालमधील सेरामपूर येथील सभेंत त्यांनीं सांगितलें, कीं पुरुष डॉक्टरापुढें देह उघडा करण्यास स्त्री स्वभावतःच नाखूष असते. म्हणून या देशास स्त्री-डॉक्टर हव्यात. १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें त्या पदवीधर झाल्या. परंतु पुढच्याच वर्षीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

त्याच सुमारास एका नव्या साधनाचें बीज फ्रान्समध्यें पेरलें गेलें होतें. कांहीं स्फटिक दाबले असतां वीज उत्पन्न होते, असें क्यूरी बंधूंनीं १८८० मध्यें दाखविलें. पहिल्या महायुद्धांत लान्जव्हँ यांनीं त्या गुणाचा उपयोग पाणबुड्यांचा शोध घेण्याकडे केला. आणि १९५१-५२ च्या सुमारास अमेरिकेंत डॉ. जॉन वाइल्ड व अभियंते जॉन रीड यांनीं अशाच प्रतिध्वनींनीं स्तनांतील गांठी तपासल्या. हीच आजची सोनोग्राफी.

मनुष्याच्या कानास सेकंदास वीस हजारांपलीकडील कंपनें ऐकूं येत नाहींत. स्तनाच्या तपासणींत तीं सुमारें एक कोटी असतात. गांठ पाण्याची कीं भरीव, हें त्यांवरून कळतें. तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तनांत क्ष-किरण जेथें अडतात, तेथेंही त्यांचा उपयोग होतो. रोग बळावला असतां काखेंतील ग्रंथि व यकृत तपासण्यास, सुईनें नमुना घेण्यास आणि औषधानें गांठ आटते कीं नाहीं हें पाहण्यास हें साधन कामीं येतें. अखेरचा निर्णय मात्र त्या नमुन्यावर, सूक्ष्मदर्शकाखालीं होतो.

परळ येथें १९४१ मध्यें सुरू झालेल्या टाटा रुग्णालयानें १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांमध्यें एक प्रयोग चालविला. त्यांपैकीं निम्म्या वस्त्यांत शिकविलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं केवळ हातानें तपासणी करीत. २०२१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तेथें रोग अगोदरच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु सुमारें तीस टक्क्यांनीं घटले. तपासणाऱ्या सेविका स्त्रियाच होत्या, हें विसरतां कामा नये.

आज ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें सोनोग्राफीचीं केंद्रें आहेत. परळही त्याच लोहमार्गावर आहे. तरीही गांठ न दुखल्यामुळें, अथवा घरांत बोलावें कसें या विचारानें, कित्येक महिने वायां जातात. आनंदीबाईंनीं सांगितलेला अडसर यंत्रानें दूर होत नाहीं. तो घरच्या माणसांनींच दूर करावयाचा आहे.