दगडी पाला

आमच्या रानात बांधावर, दगडांच्या फटीत, एक झाड उगवतं. झाड कसलं, वीतभर रोपटंच. लांब दांडीवर एकच पिवळं-पांढरं फूल. कुणी एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. आमच्याकडे दगडी पाला. खुरपं लागलं, विळा लागला, की चार पानं तळहातावर चोळायची, रस जखमेवर पिळायचा नि चोथा वर दाबून धरायचा. झोंबायचं, पण रक्त थांबायचं. हे कुणी शिकवावं लागत नसे. बांधावरच्या पोरांना चालायला आलं की हेही यायचं.

1962 च्या सुगीत धाकट्या नानांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. आज्जीनं सुईनं टोकरून काढला, वर पाला बांधला. दोन दिवसांत भोक बुजलं. नाना पुन्हा गोठ्यात शेण तुडवत फिरायला लागले. नवव्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, “आये, तोंड उघडंना गं.” संध्याकाळपर्यंत पाठीची कमान झाली. बैलगाडीनं तालुक्याला नेलं. चौथ्या दिवशी गाडी परत आली.

गावात दोन तट पडले. काही म्हणाले, पाला बाधला. काही म्हणाले, पाल्याचा काय दोष, बाहेरचं काहीतरी झालं. आज्जी कुणालाच काही बोलली नाही. वर्षभर तिनं पाल्याला हात लावला नाही. मग एकदा माझं बोट विळ्यानं कापलं तेव्हा तिनंच पाला चोळला, आणि म्हणाली, “वरच्या जखमंला पाला. रुतल्यालं आसंल तर आधी दवाखान्यात सुई, मग बाकीचं.” हा नियम तिनं कुठून काढला, मी विचारलं नाही. विचारायचं धाडसही नव्हतं.

मला मात्र तो प्रश्न पुढं आयुष्यभर पुरला. पाल्यात काही होतं की नव्हतं?

शोधायला गेलो तर पहिला धक्का वेगळाच बसला. ही वनस्पती मूळची आपली नव्हेच, अमेरिका खंडातली. लिनियसनं 1753 मध्ये तिला ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे नाव दिलं. म्हणजे ‘पूर्वापार’ म्हणून आम्ही जी मिरवत होतो ती मिरची-बटाट्यासारखीच बाहेरून आलेली. आज्जीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, “आली आसंल. उपयोगी पडली नव्हं?”

दुसरी गोष्ट अशी, की वनस्पती जंतू मारतात का हे रीतसर तपासायला लोकांनी फार पूर्वी सुरुवात केली होती. पेनिसिलिन एका बुरशीतून निघालं, तेव्हा हिरव्या झाडांत काय असेल, हा विचार सुचणं साहजिक होतं. 1943 मध्ये इंग्लंडात ई. एम. ऑस्बर्न यांनी सुमारे 2300 वनस्पती दोन जंतूंवर तपासून पाहिल्या. जखमेत पू करणारा स्टॅफिलोकोकस त्यातलाच एक. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं भारतीय वनस्पतींच्या अशा चाचण्यांचा पहिला अहवाल 1968 मध्ये छापला.

पण वाचणं वेगळं, बघणं वेगळं. माझी पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करत होती. तिनं प्रकल्पाला दगडी पालाच घेतला. पानं आमच्याच बांधावरची. सावलीत वाळवली, कुटली, निम्मी पाण्यात भिजवली, निम्मी अल्कोहोलात. काचेच्या ताटलीत अगारची खीर ओतून थिजवायची, तिच्यावर स्टॅफिलोकोकस पसरायचा, खीर टोचून भोकं पाडायची नि त्यांत अर्क भरायचा. एका भोकात नुसतं अल्कोहोल, म्हणजे मारलं ते पाल्यानं की अल्कोहोलनं हे कळावं. एका ठिकाणी दवाखान्यातलं औषध. रात्रभर 37 अंशांना ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं ताटली उजेडात धरली. जंतूंचा धुरकट थर सगळीकडे. औषधाभोवती स्वच्छ, रुंद कडं. अल्कोहोलच्या अर्काभोवती अरुंद कडं, पट्टीनं मोजण्याइतकं. पाण्याच्या अर्काभोवती काहीच नाही. नुसत्या अल्कोहोलभोवतीही नाही. “आहे काका, काहीतरी आहे,” ती म्हणाली. “पण आज्जी कुठं अल्कोहोलात भिजवत होती?” खरं होतं. शिवाय तळहातावरच्या ओल्या रसात किती उतरतं, हे वाळलेल्या भुकटीवरून सांगता येत नाही, असंही तीच म्हणाली.

मी तिला नानांचं सांगितलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, धनुर्वाताचा जंतू या ताटलीत वाढणारच नाही. त्याला हवा चालत नाही. कितासातो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 1889 मध्ये बर्लिनला तो पहिल्यांदा निर्भेळ वाढवला, तोसुद्धा हवा काढून, हायड्रोजनमध्ये. माती-शेणातली त्याची बीजं काट्याबरोबर खोल जातात, वरून भोक बुजतं, आत हवा नाही. तिथं तो विष तयार करतो. वर बांधलेला पाला तिथवर पोचतच नाही. नानांना हवी होती ती जखम उघडी करून धुणं आणि सुई.

म्हणजे आज्जीनं घातलेली रेघ बरोबर तिथंच होती.

पुतणीनं ताटल्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या, हात साबणानं दोनदा धुतले. “चहा?” म्हणाली. जिना उतरताना तिनं विचारलं, “काका, तुम्ही रानात अनवाणीच फिरता ना अजून? शेवटची सुई कधी घेतली?” मला आठवेना.