तळटीप : दूरस्थ उपकरणनियंत्रण
ग्रंथकाराने येथे ज्या व्यवस्थेचा ओझरता उल्लेख केला आहे, तिचा आरंभ ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या ज्या तारमार्गातून झाला व ज्याला 1975 साली आयईईई-488 ही प्रमाणसंज्ञा मिळाली, त्यावर एका वेळी 15 उपकरणे आणि एकूण 20 मीटर तार एवढीच मुभा होती. पुढे 2005 साली एलएक्सआय मानक येऊन मापनयंत्रे साध्या संगणकजाळ्याला जोडली जाऊ लागली, तेव्हा अंतराचा प्रश्न निकालात निघाला. हुकूम मात्र साध्या अक्षरांचेच राहिले : तारांकन, ‘आयडीएन’ ही अक्षरे व प्रश्नचिन्ह एवढे धाडले की यंत्र आपला निर्माता, नमुना व अनुक्रमांक बिनचूक सादर करते. अशाच रीतीने मुंबईच्या आयआयटीने तापक, पंखा व तापमापक एका पाटीवर बसवून इंटरनेटवर खुले केले, आणि विद्यार्थ्याने दुरून पंख्याचा वेग वाढवताच खरोखरीचे तापमान उतरताना त्याला दिसू लागले. वाशीम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे महागडी उपकरणे येणे दुरापास्त, तेथील शिक्षणसंस्थांनी अशी सोय हक्काने मागून घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पडद्यावरील निव्वळ गणिती अनुकरणासही पुष्कळदा प्रयोगशाळाच म्हणतात. वाचकांनी असे अनुकरण व वर सांगितलेली खऱ्या यंत्रांची दूरस्थ सोय या दोहोंची गल्लत करू नये. — संपादक